जैनोद्दीन नाकेदारांनी न बघितलेली दरी

जैनोद्दीन नाकेदार दरी बघायला खंडाळ्याला निघालेत, ही बातमी शरणप्पाच्या किराणा दुकानातून गावात गेली, आणि तामलवाडीनं ती आधी खोटीच धरली. माणूस कसला, नाक्याचा खांबच तो! सोलापूर हाकेवर, पण नाकेदार उभ्या जन्मात सोलापूरच्या पुढं गेले नव्हते. तशी गरजही नव्हती म्हणा. निझाम सरकारचा मुलूख त्यांच्या करोडगिरी, म्हणजे जकातीच्या, नाक्यापाशी सुरू व्हायचा, पलीकडं इंग्रजाचा. आणि त्या पलीकडून जे जे यायचं, ते नाकेदारांपुढं गाठोडं सोडून, महसूल भरूनच आत यायचं. मुंबई कशी आहे हे त्यांनी मुंबईच्या ट्रंका उघडून ओळखलं होतं. पुण्याची माणसं कशी, हे त्यांच्या गाठोड्याच्या गाठींवरून. जो परदेश रोज आपल्या दारी झडती द्यायला येतो, त्याच्या दारी आपण काय म्हणून जायचं, असं त्यांचं साधं सरळ मत होतं.

त्यात लढाईचे दिवस. मोटारी कोळशावर चालायच्या, म्हणजे चालल्या तर चालायच्या. वर भर पावसाळा. आणि अशात हा माणूस दरी बघायला निघाला!

दरीचं खूळ काढलं खैरुनबींनी, म्हणजे नाकेदारांच्या घरातल्यांनी. त्याचं असं झालं, की गावाचं टपाल यायचं शरणप्पाच्या दुकानी. शरणप्पाला वाचता यायचं, खैरुनबींना यायचं नाही, आणि शरणप्पाला हळू वाचता यायचं नाही. म्हणून त्यांच्या मुलाचं, आयुबचं कार्ड आलं, की ते खैरुनबींच्या आधी रस्त्यावरच्या गाढवांना कळायचं. आयुब इंग्रजी मुलखात रेल्वेत होता, खंडाळ्याच्या घाटात. त्या दिवशी शरणप्पानं खडा आवाज लावला, "अम्मा, आमाला लढाईच्या रेल्वेवर बसऱ्याला धाडायलेत. समुद्रापल्याड. पाऊस सरायच्या आत निघावं लागंल. तू जप. धुरात बसू नको."

बापाला सलाम नव्हता. दोन वर्षांच्या एकाही कार्डात नव्हता.

रस्त्याच्या अलीकडं नाकेदार एका बागवानाची केळीची टोपली तपासत होते. तपासून झालेली ती टोपली त्यांनी पुन्हा पहिल्यापासून तपासली. बागवान म्हणाला, "साहेब, आताच बघितली की." तर त्याच्यावर खेकसले, "मग काय झालं? केळी बदलत न्हाईत का?"

रात्रीची भाकरी वाढताना खैरुनबी म्हणाल्या, "आयुबचे अब्बा, लई दिसांपासनं मनात हाय. खंडाळ्याला दरी हाय म्हणं मोठी. एकदा बघावी."

"दरी?"

"व्हय. दरी."

"भर पावसाळ्यात?"

"पावसाळ्यातच बघण्यासारखी असती म्हणत्यात."

नाकेदारांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, तो तिथंच विरघळला. शेवटी म्हणाले, "दरी बघायला हरकत न्हाय. पण निस्ती दरी."

"मग आणिक काय बघायचंय मला! दरीच."

आता ह्यातलं खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनाही ठाऊक होतं की दुसऱ्याला ठाऊक आहे. पण संसार काही उगीच तीस तीस वर्षं टिकत नाही. दरी म्हटलं की दरी.

भांडण झालं होतं ते स्टोव्हवरून. दोन वर्षांमागं आयुब पहिल्या पगाराचा स्टोव्ह घेऊन आला होता, आईसाठी. चकचकीत पितळी. चुलीच्या धुरानं खैरुनबींचे डोळे कायम लाल, पाणी गळतंय. मोटार नाक्यावर थांबली. नाकेदारांनी सगळ्यांची झडती घेतली, आणि मुलाचीही घेतली. स्टोव्ह बाहेर काढून म्हणाले, "नवा हाय. महसूल भर." मोटारभर माणसं बघायलेली. आयुब म्हणाला, "अब्बा, अम्मासाठी हाय." नाकेदार म्हणाले, "कायद्याला अम्मा नसती." झालं! पोरगंही त्यांचंच. पैसे खिशात असून म्हणालं, "मग ठेवा तुमच्या सरकारला. म्या पुन्हा ह्या नाक्यातनं आत येणार न्हाय." नाकेदार म्हणाले, "आन म्या तुझा उंबरा चढणार न्हाय." तो आला त्याच मोटारीनं मागं फिरला. शंभर पावलांवर घरात आई सुजीचा हलवा करून बसली होती.

तेव्हापासून स्टोव्ह नाक्याच्या मालखान्यात फळीवर. बेवारशी मालाचा दर साली लिलाव व्हायचा. नाकेदार स्टोव्हापुढं दर साली शेरा मारायचे, 'मालक येण्याचा संभव आहे', आणि पुन्हा फळीवर ठेवायचे.

आणि नाकेदारांनी मुलाचं नाव घेणं टाकलं. ह्यात एक अडचण झाली, ती त्यांनी आधी ध्यानात घेतली नव्हती. आपल्याकडं बायकोला नावानं कोण हाक मारतं? 'आयुबची अम्मा' म्हणूनच ते आयुष्यभर हाक मारत आले. आता आयुब काढला तर बाईला हाक मारायला शब्दच उरेना. मग नुसतंच खाकरायचं, नाहीतर "ऐकलं का?" म्हणायचं. एकदा विंचू निघाला तर "ऐकलं का, ऐकलं का" करेपर्यंत विंचू आपल्या पायानं निघून गेला. खैरुनबी मात्र सूड घेतल्यासारख्या उठता-बसता म्हणायच्या, "आयुबचे अब्बा, पाणी ठेवलंय. आयुबचे अब्बा, टोपी तिथं हाय." दिवसातनं जितक्यांदा जमेल तितक्यांदा.

सरकारी नोकराला मुलूख सोडायचा तर रजा लागते. नाकेदारांनी उस्मानाबादच्या कचेरीत दरखास्त लावली, कारण: दरी पाहणे. दरखास्त परत आली. वर शेरा होता, की आपल्या जिल्ह्यात दऱ्या नाहीत काय? असल्यास त्या पाहून झाल्या आहेत काय? नाकेदारांनी कळवलं, की रामलिंगची दरी पाहिलेली असून ती समाधानकारक आहे, तथापि अर्जदाराच्या घरातल्यांना त्याहून खोल दरी पाहण्याची इच्छा आहे. ह्यावर कचेरी बराच काळ गप्प बसली. कुणीतरी तिथं विचारात पडलं असावं. मग रजा मंजूर झाली, आणि खाली तांबड्या शाईनं लिहिलं होतं की परत आल्यावर दरीबाबत कैफियत सादर करावी.

सल्ल्यांचं तर विचारूच नका. तामलवाडीत एकानंही दरी बघितलेली नव्हती, म्हणून सगळ्यांनाच तिची खडान्‌खडा माहिती होती. शरणप्पा म्हणाला, "काठाला उभं राहू नगा, नाकेदार. दरी माणसाला वढती. आदी डोळे मिटायचे, मग बघायचं." शेजारच्या मथुराबाईंनी धपाट्यांचं फडकं बांधून दिलं आणि खैरुनबींच्या कानाशी लागून म्हणाल्या, "दरीला माझा आशीर्वाद सांग. म्हणावं, जपून जा." हाताखालचा कारकून बब्रुवान म्हणाला, "साहेब, छत्री घ्या." तेव्हा नाकेदार असे काही बघायला लागले की त्याला आपणच छत्री चोरली की काय असं वाटलं. कारण छत्रीवर नाकेदारांचा राग होता. सोलापूरला नवी छत्री घ्यायची, नाक्यापाशी आली की उन्हात उघडून डोक्यावर धरायची, आणि म्हणायचं, वापरातली आहे! वापरातल्या मालाला महसूल माफ. कुणी एकावर एक तीन लुगडी नेसून यायचं, कुणी नवे जोडे मातीत बुडवून. नाकेदारांचं एक वाक्य पंचक्रोशीत ठरलेलं होतं, "उन्हात छत्री धरून येतो तो चोर."

तर छत्री नाही. जुनी घोंगडी खांद्यावर, आणि एक गाठोडं. ते गाठोडं नाकेदारांनी स्वतः बांधलं आणि कुणाला हात लावू दिला नाही.

सोलापूरपर्यंतची मोटार दोनदा विझली. प्रवाशांनी उतरून भट्टीला वारा घातला, तेव्हा ती पेटली. पण नाकेदारांच्या मनाला लागलं ते निराळंच. इंग्रजाची हद्द आली, ते सावरून बसले, गाठोडं मांडीवर घेतलं, गाठ सैल केली. कुणीच आलं नाही! मोटार सरळ पुढं.

"ह्या मुलखात इचारत न्हाईत का काय आणलं म्हणून?"

"न्हाय वाटतं," खैरुनबी म्हणाल्या.

"मग सरकार चालतं कसं!"

सोलापूरच्या ठेसनावरही कुणी विचारलं नाही. पुण्याला गाडी थांबली, तिथंही नाही. नाकेदारांना अगदी अपमान झाल्यासारखं वाटायला लागलं. आपण कुणीही असू शकतो, काहीही घेऊन चाललेलो असू शकतो, आणि कुणाला त्याचं काही नाही. डब्यातल्या दुसऱ्यांच्या वळकट्यांकडं बघत त्यांनी मनातल्या मनात साऱ्या डब्याची झडती घेतली, तेव्हा कुठं डोळा लागला.

खंडाळ्याला उतरले ते पावसातच. आणि पाऊस म्हणजे, आमच्या तिकडं ज्याला पाऊस म्हणतात तो नव्हे. आमचा पाऊस पाहुण्यासारखा येतो, ओसरीवर टेकतो, पाणी पितो आणि जातो. हा घरचा होता. ह्याला कुठं जायचंच नव्हतं. वरून पडत होता, आडवा येत होता, खडकांवर आपटून खालूनही उडत होता. खैरुनबी थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "या अल्ला, येवढं पाणी! आन सगळं निस्तं वाहूनच चाललंय."

ठेसनावरच्या हमालाला नाकेदारांनी विचारलं, "दरी कुठं हाय?"

"दरी सगळीकडंच आहे, बाबा. पण आज नाही दिसायची. धुकं आहे."

"आमी लांबून आलोत."

"धुक्याला काय त्याचं?" हमाल म्हणाला, आणि त्यानं कड्याकडचा रस्ता दाखवला. जाता जाता त्यानं हेही सांगितलं, की रेल्वेच्या लोकांच्या खोल्या त्या तिथं, पलीकडं. नाकेदारांनी ते विचारलं नव्हतं. ऐकलंही नाही, असं त्यांनी दाखवलं.

कड्याला दगडी कठडा होता. कठड्याच्या पलीकडं पांढरं होतं. खाली पांढरं, वर पांढरं, समोर पांढरं. कुठंतरी आत पाण्याचा धो-धो आवाज चालला होता, पण ते पाणी कुठून निघून कुठं पडतंय काही कळत नव्हतं. शरणप्पाच्या सांगण्याप्रमाणं नाकेदारांनी आधी डोळे मिटले, मग उघडले. फरक पडला नाही.

खैरुनबी शेजारी भिजत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बघितली दरी. आता म्या जरा जाऊन येते."

कुठं, ते म्हणाल्या नाहीत. नाकेदारांनीही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "माझी अजून बघायची हाय."

"बघा सावकाश," खैरुनबी म्हणाल्या, आणि पदर डोक्यावर ओढून खोल्यांच्या दिशेनं निघाल्या. अनोळखी गाव, ठेचकाळणारा रस्ता, पण बाई अशी झपाझप चालली होती की जसं काही माहेरच.

नाकेदार खोल्यांकडं पाठ करून उभे. जुनी घोंगडी ती, किती दम धरणार? पाणी मानेतून आत शिरलं, पाठीवरून उतरलं, आणि जोड्यात जमा व्हायला लागलं. मुंबईची चार शौकीन पोरं पोरी मेणकापडी कोट घालून हसत गेली. एकानं विचारलं, "आजोबा, काय दिसतंय?"

"दरी," नाकेदार म्हणाले.

मनातून त्यांना पाठीमागचं सगळं ऐकू येत होतं, म्हणजे प्रत्यक्षात काहीच ऐकू येत नव्हतं, पावसाशिवाय. पोरगं आईच्या गळ्यात पडलं असेल. रोड झालं असेल. बसरा कुठं आला? तिथून माणसं परत येतात का? हे कुणाला विचारायचं? शरणप्पाला विचारलं तर तो गावभर ओरडून उत्तर देईल. तिथवर जाऊन दारातून नुसतं बघून आलं तर? पण बोललेला शब्द! मोटारभर लोकांसमोर बोललेला. आयुष्यभर त्यांनी एकाच गोष्टीवर भाकर खाल्ली, की जैनोद्दीन जे म्हणतो ते बदलत नाही. ते उभेच राहिले, आणि रडायला आलं तर पावसात कळायचं नाही एवढीच काय ती सोय होती.

"काय हो मियाँ, काय चाललंय इथं?"

खाकी कपड्यातला, वर मेणकापड पांघरलेला पोलीस होता. नाकेदार म्हणाले, "दरी बघतोय."

पोलिसानं समोर बघितलं. पांढऱ्याकडं बराच वेळ बघितलं. "कुठाय दरी?"

"समोर असंल."

"केव्हापासून बघतोय तुम्हाला. लढाईचे दिवस आहेत. खाली रेल्वेचा बोगदा आहे. एकटा माणूस भर पावसात घाटाकडं टक लावून उभा राहतो, ह्याचा अर्थ काय घ्यायचा आम्ही? एकतर उडी मारणार, नाहीतर टेहळणी करणार. कुठले तुम्ही?"

"निझाम सरकारच्या मुलखातले."

"म्हणजे बाहेरचे."

बाहेरचे! जन्मभर हा शब्द त्यांनी दुसऱ्याला म्हटला होता. तो असा अंगावर आल्यावर कसा लागतो ते त्यांना आजच कळलं.

"गाठोडं सोडा," पोलीस म्हणाला.

आणि काय सांगावं, तेवढ्या अपमानातही नाकेदारांची मान ताठ झाली. हद्द ओलांडल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी सरकार भेटलं होतं! त्यांनी गाठ सोडून गाठोडं कठड्याच्या आडोशाला मांडलं. पण पोलिसाची तपासायची रीत बघून त्यांना राहवेना. गडी वरवरचं चाचपत होता. धपाट्यांचं फडकं, लोटा, सदरा.

"वरनं न्हाय, हवालदार," नाकेदार कळवळून म्हणाले. "वरनं सगळेच नीट ठेवत्यात. हात तळाला घालायचा असतो."

पोलिसानं हात तळाला घातला. तिथून निघाली नवी कोरी घोंगडी. काळीभोर, जाड, धनगरी विणीची, मेणकापडात गुंडाळून सुतळीनं आवळलेली. पाण्याचा एक थेंब लागलेला नव्हता.

पोलिसानं घोंगडीकडं बघितलं, मग नाकेदारांकडं, नखशिखान्त. "अहो, ही असली घोंगडी कोरडी ठणठणीत गाठोड्यात, आणि तुम्ही ह्या फाटक्या जाळीत कुडकुडताय? का?"

"ती माझी न्हाय."

"मग कुणाची? चोरीची?"

नाकेदारांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना उभ्या जन्मात कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. आणि एक गोष्ट त्यांच्या हाडात भिनलेली होती. बायकोला टाळता येतं, शेजाऱ्याला थापा मारता येतात, पण सरकारी माणूस सरकारी कपड्यात विचारायला लागला तर खरा जबाब द्यायचा.

"पोराची," ते म्हणाले.

"पोरगा कुठं असतो?"

"हितंच. रेल्वेत."

"नाव काय त्याचं?"

नाकेदारांनी तोंड उघडलं. पाऊस त्यांच्या दाढीवरून निथळत होता. दोन वर्षं ज्या शब्दाला वाट दिली नव्हती तो आता नेमका वाट विसरला होता. पोलीस म्हणाला, "नाव सांगता येत नाही? बापाला?"

"आयुब," नाकेदार म्हणाले. आवाज फुटला म्हणून पुन्हा एकदा म्हणाले, मोठ्यानं, जसं नाक्यावर पुकारा करताना म्हणायचे तसं. "आयुब जैनोद्दीन!"

"जी अब्बा," मागून आवाज आला.

नाकेदारांनी वळून बघितलं नाही. बघायची गरजच पडली नाही, डोक्यावरचा पाऊस एकदम थांबला होता. कुणीतरी छत्री धरली होती. एका बाजूला खैरुनबी चिंब भिजलेल्या, तोंडाला पदर लावून. पोलीस म्हणाला, "अरे, आयुब! हे तुझे वडील? मग आधी सांगायचं नाही का! मी म्हटलं, टेहळ्याच आहे कुणी."

"दरी बघायला आलेत," आयुब म्हणाला.

पोलीस गेला. बापलेक कठड्याशी उभे राहिले, पांढऱ्याकडं बघत. छत्री एकापुरतीच होती, आणि ती सगळी नाकेदारांच्या डोक्यावर होती. पोराचा खांदा भिजत होता. रोडच झाला होता.

"कधी निघायचं?" नाकेदारांनी दरीला विचारलं.

"जुम्म्याला."

"तिकडं दऱ्या हाईत का?"

"न्हाईत. समदी वाळू हाय म्हणत्यात."

"मग घोंगडी कशाला लागंल."

"रात्री लई थंडी पडती म्हणं, अब्बा."

"मग ठेव," नाकेदार म्हणाले, आणि गाठोडं पायानं हळूच त्याच्याकडं सरकवलं.

हे झालं, पण उंबऱ्याचं काय? खैरुनबी म्हणाल्या, "आता आत चला. अंग बघा कसं गार पडलंय." नाकेदार म्हणाले, शब्द म्हणजे शब्द, उंबरा चढणार नाही. आयुबचं तोंड उतरलं. तेव्हा खैरुनबी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कुठला उंबरा? त्या खोलीला उंबराच न्हाय. रेल्वेनं लावलाच न्हाय."

"उंबरा न्हाय असं कसं हुईल? घर हाय का काय हाय ते?"

"बघा की चलून."

नाकेदारांनी पाहणी केली. खोलीच्या दारापाशी वाकून, चष्मा पुसून, बोटानं जमीन चाचपून. सपाट सिमेंट, आत-बाहेर एकसारखं. चौकटीला खाली लाकूड नाही, दगड नाही. ते एकदा डाव्या बाजूनं वाकून बघून आले, एकदा उजव्या. मग त्यांनी निर्णय दिला, "उंबरा आढळत न्हाय," आणि आत गेले.

आत आयुबनं आपला खोलीवरचा स्टोव्ह पेटवला. खैरुनबी त्याच्यासमोर गुडघ्यात हनुवटी घालून बसल्या. पंप कसा मारायचा, पिन कुठं घालायची, हवा कधी सोडायची, एकेक विचारून घेतलं. निळा जाळ, धूर नाही, ह्याचंच त्यांना नवल. दूध उतू गेलं तरी कुणी रागावलं नाही. नाकेदार पोराच्या कोरड्या सदऱ्यात, पोराच्या खाटेवर, नवी घोंगडी पांघरून बसले. आयुबनंच ती आधी त्यांच्या अंगावर टाकली होती. चहाची बशी त्यांच्या हातात आली, आणि त्याच वेळी बाहेर कुणीतरी ओरडलं, धुकं उठलं! खोल्यांतली माणसं दारात धावली.

"अब्बा, चला लवकर," आयुब म्हणाला, "दरी दिसायली! असं घडीभरच दिसतं."

"दिसू दे," नाकेदार म्हणाले. "म्या चहा पितोय. तू बस हितं."

आयुब बसला. बाहेर लोक अहाहा करत होते. नाकेदार बशीतून फुंकर घालून घालून चहा प्याले, आणि मुलाकडं बघत राहिले. दरी पुन्हा धुक्यात गेली.

निघताना आयुबनं ठेसनावर छत्री त्यांच्या हातात दिली. नवी होती, आठवड्यापूर्वी घेतलेली. दिली आणि एकदम चपापला. "अब्बा, नाक्यावर तुमाला..."

"नाक्याचं म्या बघतो," नाकेदार म्हणाले. "तू तुझं बघ. आन कार्डात सलाम लिहीत जा. शरणप्पा मोठ्यानं वाचतो."

गाडी हलली. आयुब काखेत घोंगडी धरून फलाटावर उभा होता. वळण येईपर्यंत दिसला, मग दिसेनासा झाला. खैरुनबी खिडकीच्या गजाला डोकं लावून रडल्या, नाकेदार कचेरीला द्यायची कैफियत मनात जुळवत राहिले. 'दरी समक्ष पाहण्यास गेलो असता आढळून आली नाही.' ह्यापुढं त्यांना काही सुचेना.

सोलापूर सोडल्यावर ढग संपले. तामलवाडीला मोटार थांबली तेव्हा ऊन नुसतं भाजून काढत होतं. कोळसा संपत आला होता म्हणून ड्रायव्हरनं यंत्र बंद केलं. शरणप्पा दुकान उघडं टाकून नाक्यावर येऊन उभा होता. "मग नाकेदार? बघितली का दरी? वढती का न्हाय माणसाला?"

"वढती," नाकेदार म्हणाले, आणि काखेत मिटलेली छत्री घेऊन उतरले.

बब्रुवानची पंचाईत झाली. साहेबांची झडती घ्यावी तरी चूक, न घ्यावी तरी चूक. तो घाईघाईनं म्हणाला, "साहेब, छत्री पावसात भिजलेली दिसती. वापरातली. माफ."

"माफ कसली? नवी हाय, बाहेरच्या मुलखातली हाय. पावती फाड."

"कुणाची म्हणून लिहू?"

"माझी. पोरानं दिलेली." मग त्यांनी घसा साफ केला. "आन मालखान्यातला स्टोव्ह काढ. त्याचाबी महसूल घे. मालक आला नसला तरी मालकाचा बाप आलाय."

मोटारीतली माणसं खिडक्यांतून वाकली. दोन वर्षांमागं जे ह्याच नाक्यावर झालं ते अर्ध्याअधिकांना पाठ होतं. बब्रुवान आत गेला आणि स्टोव्ह दोन्ही हातांनी धरून घेऊन आला. उन्हात त्याचं पितळ डोळ्याला बसेना.

"साहेब," बब्रुवान म्हणाला, "मालखान्यात समद्या मालावर बोटभर धूळ हाय. ह्याच्यावरच कशी न्हाय?"

"सरकारी मालमत्ता हाय," नाकेदार गुरकावले. "निगा ठेवावी लागती. तू पावती फाड."

पावती फाडून झाली. नाकेदारांनी स्टोव्ह उचलला, मोटारीकडं तोंड केलं, आणि खाकरले. दोन वर्षांच्या सवयीनं "ऐकलं का" तोंडाशी आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"आयुबची अम्मा!" त्यांनी हाक मारली. "उतर खाली. तुझा स्टोव्ह आलाय."

खैरुनबी जागच्या हलल्या नाहीत. शरणप्पाही गप्प झाला, आणि हे तामलवाडीनं पहिल्यांदाच बघितलं. नाकेदार घोटाळले. खिडकीपाशी गेले. "ऐकू आलं न्हाय का? तुलाच म्हणतोय. आयुबची अम्मा म्हणून ह्या मोटारीत दुसरं कोण हाय?"

खैरुनबींनी पदरानं डोळे पुसले, आणि बाहेर न बघताच म्हणाल्या, "पुन्हा एकदा म्हणा. मोटारीच्या आवाजात काय ऐकूच येईना."

मोटार तर केव्हाची बंद होती.